टीव्हीच्या पांढऱ्याला घातलेली नीळ

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या एका गृहस्थांनी दिवाळीत ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. बर्डीच्या दुकानात बघताक्षणी आवडला होता. घरी भिंतीवर चढल्यापासून मात्र माणसांचे चेहरे लालबुंद दिसतात, सिनेमा लावला की मालिका बघतोय असं वाटतं, आणि टीव्हीतल्याच ॲपवर वेब सिरीज लावली तर रात्रीचे प्रसंग काळेकुट्ट. वडिलांची तक्रार वेगळीच: "जामठ्याले जाऊन मॅच पाह्यली आहे मी, असं पोपटी गवत नसते तिथं." टीव्ही बदलून मागावा का, की पैसे मोजून कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर लावून रंग जुळवणं, करून घ्यावं?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. टीव्हीत दोष नाही. आणि वडिलांची नजर चोख आहे, त्यांचं ऐका.

मी पिक्चर ट्यूबच्या काळापासून या कामात आहे. आधी दुरुस्ती केली, आता मीटर घेऊन लोकांच्या हॉलमध्ये बसतो आणि रंग जुळवतो. बहुतेक घरांत मीटर पिशवीतून बाहेर काढण्याआधीच निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं, कारण ते काम म्हणजे कंपनीने सुरू करून ठेवलेल्या गोष्टी बंद करणं. ते तुम्ही रिमोट हातात घेऊन अर्ध्या तासात करू शकता. फक्त टीव्ही आधी अर्धा तास चालू ठेवा. थंड पॅनेल आणि तापलेलं पॅनेल यांचा उजेड थोडा वेगळा असतो.

आता दुकानाचं बघा. छताला ओळीने लखलखीत दिवे, भिंतीवर तीसेक टीव्ही खेटून लावलेले, सगळ्यांवर तीच फुलं, तेच मासे, तेच पोपट. त्या बाजारात गिऱ्हाइकाची मान वळवायची तर टीव्हीला ओरडावंच लागतं. म्हणून 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड. उजेड पूर्ण, रंग ताणलेले, कडा कोरलेल्या, आणि पांढऱ्यात निळा मिसळलेला. या शेवटच्या गोष्टीकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण सगळा खेळ तिथेच आहे. आपल्या आज्या धोतराला नीळ घालायच्या, तोच प्रकार. जरा निळाई आली की कापड डोळ्याला जास्त पांढरं वाटतं. धोतराला ते शोभतं. टीव्हीतली नीळ मात्र चेहऱ्यावर, भिंतीवर, वाटीतल्या आमरसावर, सगळ्यावर चढते. मग चेहरे मुडद्यासारखे दिसू नयेत म्हणून कंपनीच लाल रंग वाढवून ठेवते. तुमच्याकडचे लालबुंद चेहरे तिथून आलेत. एका खोटेपणावर दुसरा खोटेपणा.

सिनेमा किंवा मालिका जिथे रंगवली जाते, त्या स्टुडिओतल्या मॉनिटरचा पांढरा जगभर एकच ठरलेला आहे. त्याला डी-६५ म्हणतात, ढोबळमानाने ६५०० केल्विन, म्हणजे भर दुपारी उघड्यावर पडणाऱ्या उजेडाचा रंग. केल्विनचा आकडा वाढला की निळेपणा वाढतो, कमी झाला की पिवळेपणा. एचडी चित्रातला लाल नेमका किती लाल, हिरवा किती हिरवा, हेही रेक-७०९ नावाच्या मानकात १९९० पासून लिहून ठेवलंय. व्हिव्हिड मोडमधला पांढरा १०,००० केल्विनच्या पलीकडे गेलेला मी मीटरवर कितीतरी वेळा पाहिला आहे. कॅलिब्रेशन म्हणजे तुमचा टीव्ही त्या स्टुडिओतल्या मॉनिटरच्या जितका जवळ नेता येईल तितका नेणं. 'डोळ्याला छान वाटेल असं करून द्या' म्हणून लोक बोलावतात, तेव्हा मला हा फरक आधी समजावून सांगावा लागतो.

तर पहिलं काम. सेटिंगमध्ये पिक्चर मोड उघडा. 'फिल्ममेकर मोड' दिसला तर डोळे मिटून तो घ्या. यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ मध्ये तो जाहीर केला. कारागिरी दाखवणाऱ्या सगळ्या प्रक्रिया त्यात एकदम बंद होतात आणि पांढरा डी-६५ च्या जवळ जातो. तो नसेल तर 'सिनेमा', 'मूव्ही', 'एक्सपर्ट' किंवा 'कस्टम', यांपैकी जो असेल तो. 'स्टँडर्ड' हे नाव फसवं आहे, ते व्हिव्हिडचंच जरा सभ्य भावंड. मग रंगतापमानाची ओळ बघा: 'वॉर्म', 'वॉर्म २', 'वॉर्म ५०', सोनीत 'एक्सपर्ट १'. जे सगळ्यात उबदार असेल ते सहसा ६५०० च्या सगळ्यात जवळ असतं.

हे केलं की घरातलं कोणीतरी ओरडणार. धरमपेठेत एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी हे केलं, तर त्या म्हणाल्या, "काहून जी, टीव्हीले कावीळ झाल्यासारखं दिसून राहिलं!" मी म्हटलं, दहा दिवस हात लावू नका, नाही आवडलं तर येऊन जसं होतं तसं करून देतो. दहा दिवसांनी गेलो आणि काही न बोलता जुना मोड लावला. बाई म्हणाल्या, "हे निळं काय लावलं? काढा ते." इतकंच असतं. डोळा समोरच्या पांढऱ्याला सरावतो आणि त्यालाच पांढरा मानायला लागतो. निळीतून बाहेर आल्यावर खरा पांढरा काही दिवस पिवळा दिसतो. आठ-दहा दिवस द्या, तोपर्यंत दोन मोड सारखे उलटसुलट करून तुलना करू नका. तुलनेत नेहमी निळाच जिंकतो, दुकानातही तो असाच जिंकला होता.

विश्वास बसत नसेल तर घरच्या घरी एक प्रयोग आहे. आपल्याकडचे बरेचसे एलईडी बल्ब आणि ट्यूब 'कूल डे लाइट' असतात, खोक्यावर ६५०० के असं छापलेलं असतं. तो दिवा लावा, टीव्हीवर कोरं पांढरं चित्र आणा आणि शेजारी पांढरा कागद धरा. वॉर्मवर दोघं बऱ्यापैकी जुळतील, व्हिव्हिडवर कागदच पिवळा वाटायला लागेल. प्रयोग ढोबळ आहे, कारण कागदातही चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात (तिथेही नीळच!), पण मनाची समजूत पटायला पुरतो. हॉलमध्ये पिवळे, २७०० किंवा ३००० केल्विनचे शोभेचे दिवे असतील तर मात्र टीव्ही त्यांच्यासमोर निळसर वाटणार. तेव्हा दिवा बदला, टीव्ही नको.

आता सिनेमा मालिकेसारखा का दिसतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर घेतला जातो. टीव्ही स्वतःच्या बुद्धीने मधली चित्रं तयार करून भरतो, हालचाल तुपासारखी गुळगुळीत होते आणि लाखो रुपयांचा सेट प्लायवूडचा दिसायला लागतो. एलजीत याचं नाव ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. नाव काहीही असो, सिनेमासाठी बंद. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून व्हिडिओ काढला होता आणि लोकांना विनंती केली होती की हे तेवढं बंद करा. विमानाला लटकणाऱ्या माणसाला यासाठी हात जोडावे लागले, यावरून ते किती घरांत चालू असेल ते समजा.

क्रिकेटचं मात्र वेगळं. आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला ५० च्या हिशोबाने चालतं, एचडी वाहिन्याही १०८०आय-५० वर. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये ५० आणि ६० हर्ट्झ असे पर्याय असतील तर ५० ठेवा. ६० ठेवलं की सीमारेषेकडे जाणारा चेंडू आणि खालची बातम्यांची पट्टी बारीक हिसके देत चालते, आणि लोक पॅनेलला दोष देतात. सामन्यासाठी मोशनचं सेटिंग अगदी खालच्या पायरीवर ठेवलं तर माझी हरकत नाही. 'स्पोर्ट्स मोड' मात्र नको. वडिलांचं पोपटी गवत बहुतेक तिथेच उगवलंय.

पुढची गोष्ट खोलीची, आणि ती मेन्यूत सापडत नाही. बाहेरगावचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण नागपूरच्या हॉलचा उजेड वर्षातून दोनदा उलटा होतो. मे महिन्यात आपण दुपारी दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून, खिडकीत कूलर बसवून राहतो. बाहेर ४५ अंशांचं ऊन आणि हॉलमध्ये गुहेसारखा अंधार. डिसेंबरात उलट: ऊन हवंहवंसं म्हणून सगळं उघडं, आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून किरण थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचतात. मे महिन्यात जुळवलेला टीव्ही डिसेंबरच्या सकाळी फिकट वाटतो, डिसेंबरात वाढवलेला उजेड उन्हाळ्यात डोळ्यांत खुपतो. टीव्ही तोच असतो.

म्हणून दोन मोड तयार करा, एक उजेडाच्या वेळेचा आणि एक अंधाराचा. बऱ्याच टीव्हींत 'सिनेमा होम' आणि 'सिनेमा', किंवा 'ब्राइट रूम' आणि 'डार्क रूम' अशा जोड्या आधीच असतात. दोघांत फरक ठेवायचा तो फक्त बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाचा; रंगाला आणि कॉन्ट्रास्टला हात लावायचा नाही. स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत साधं, म्हणजे एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त आवाका असलेलं चित्र) नसलेलं चित्र १०० निट्सच्या पांढऱ्यावर तपासतात; निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप. उजेडाच्या हॉलमध्ये त्याच्या दुप्पट किंवा जास्तही लागतं. तुमच्याकडे मीटर नाही, तर एवढं करा: रात्री दिवे मालवून दहा मिनिटं बसा, मग पूर्ण पांढरं चित्र आणा. डोळे बारीक करावे लागले तर बॅकलाइट जास्त आहे. पांढरा राखाडी वाटला तर कमी आहे.

बॅकलाइट म्हणजे नेमकी कोणती पट्टी, इथे नावांचा घोळ आहे. सोनीत 'ब्राइटनेस' म्हणजे बॅकलाइट, आणि ज्याला आपण वर्षानुवर्षं ब्राइटनेस म्हणत आलो त्याचं तिथलं नाव 'ब्लॅक लेव्हल'. इतर कंपन्यांतही जुन्या-नव्या मॉडेलांमध्ये हीच अदलाबदल झालेली सापडते. ओळखायची खूण सोपी: पट्टी खाली नेल्यावर सगळं चित्र सारखं मंद झालं तर ती बॅकलाइट. काळ्या भागातलं तेवढं बुडालं तर ती ब्लॅक लेव्हल.

आणि हो, 'पॉवर सेव्हिंग', 'इको', 'अँबियंट लाइट सेन्सर' हे तिन्ही आधी बंद करा. नाहीतर तुम्ही एका हाताने लावाल आणि टीव्ही दुसऱ्या हाताने काढेल. विजेचं बिल वाढेल म्हणून काळजी वाटत असेल, तर व्हिव्हिडमधून सिनेमावर येऊन बॅकलाइट उतरवल्यावर खर्च बहुधा कमीच होतो.

काळ्याकडे येऊ. यासाठी टेस्ट पॅटर्न, म्हणजे तपासणीचं चित्र लागतं. 'एव्हीएस एचडी ७०९' नावाचा संच फुकट मिळतो, पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावता येतो. काळ्याच्या पॅटर्नमध्ये आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्या लुकलुकतात. व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. अंधार करून ब्लॅक लेव्हल अशी लावा की १६ आणि त्याच्या खालच्या पट्ट्या दिसणार नाहीत, १७-१८ जेमतेम जाणवतील. मग पांढऱ्याच्या पॅटर्नवर कॉन्ट्रास्ट असा की २३५ पर्यंतच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसतील. सिनेमा मोडमध्ये कंपनीने दिलेले आकडे बहुतेक वेळा इथे बरोबरच निघतात. काही बदलावं लागलं नाही म्हणून हिरमुसू नका.

बॉक्सवरून किंवा लॅपटॉपवरून येणाऱ्या चित्रात मात्र एक जुनं दुखणं आहे: एचडीएमआय केबलवरची 'लिमिटेड' आणि 'फुल' रेंज, म्हणजे काळा-पांढरा आकड्यांत सांगायच्या दोन पद्धती. पाठवणारा एक बोलतो आणि टीव्ही दुसरं ऐकतो. मग एक तर काळा धुरकट, धुतलेल्या पाटीसारखा दिसतो, नाहीतर केस आणि काळा कोट एकच गोळा होतात. दोन्हीकडे 'ऑटो' ठेवा. तरी जमलं नाही तर दोन्हीकडे 'लिमिटेड'.

पण तुमच्या वेब सिरीजचा अंधार यातला नाही. तुम्ही टीव्हीतल्याच ॲपवर बघता, तिथे केबलचा संबंध नाही. तिथला गुन्हेगार एचडीआर, आणि याला जरा वेळ देतो, कारण यावर लोक सगळ्यात जास्त चिडतात. 'एवढा महागडा एचडीआर टीव्ही घेतला आणि जुन्यापेक्षा अंधारा!'

साध्या चित्रात उजेड सापेक्ष असतो. 'पांढरा' म्हणजे तुमच्या टीव्हीला जमेल तेवढा पांढरा, बॅकलाइट वाढवला की सगळंच वाढतं. २०१४ च्या एसटी २०८४ मानकावर उभ्या असलेल्या एचडीआरमध्ये उजेड आकड्यांत सांगितलेला असतो: ही खिडकी ६०० निट्स, हा चेहरा ४० निट्स, ही गल्ली २ निट्स. मानकात १०,००० निट्सपर्यंत जागा आहे, कार्यक्रम तयार करताना १००० किंवा ४००० च्या मॉनिटरवर बघतात, आणि आपल्या मध्यम किमतीच्या टीव्हीची झेप कित्येकदा ३०० च्या आसपास संपते. म्हणजे हजाराची वस्तू तीनशेच्या पिशवीत कोंबायची. कोंबताना एक तर वरचं चेपतं, नाहीतर सगळं खाली दबतं. त्यात तुम्ही दिवे लावून बसलेले, तर २ निट्सची ती गल्ली ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात बुडाली म्हणून समजा. दिग्दर्शकाने ती अंधाऱ्या खोलीसाठी रंगवली होती.

यावर उपाय तीन. एचडीआर सुरू झाल्यावर (कोपऱ्यात त्याचं चिन्ह येतं) मेन्यू पुन्हा उघडा, कारण त्याची सेटिंगं वेगळी साठवलेली असतात. तिथे बॅकलाइट आणि कॉन्ट्रास्ट कमाल ठेवा, साध्या चित्रासारखं उतरवू नका. 'डायनॅमिक टोन मॅपिंग' (ही कोंबाकोंब टीव्हीने प्रसंग बघून करणं) असेल तर दिवसा चालू. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच प्रकारात 'ब्राइट' आणि 'डार्क' असे दोन प्रकार दिसतील, उजेडात पहिला आणि रात्री दुसरा. तिसरा उपाय फुकटचा: रात्रीचे प्रसंग असलेली सिरीज रात्रीच बघा, दिवे मालवून. टीव्हीच्या पाठीमागे ६५०० केल्विनची साधी पांढरी एलईडी पट्टी मंद लावली तर डोळे शिणत नाहीत आणि काळा अधिक काळा भासतो. रंग बदलणारी पट्टी लावू नका. मागची भिंत जांभळी झाली की पुढचे चेहरे हिरवट दिसतात.

एवढं करूनही काळा राखाडीच दिसला तर तो पॅनेलचा स्वभाव आहे. आयपीएस जातीच्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, साधारण हजारास एक, व्हीए पॅनेलचा त्याच्या तिप्पट-चौपट, आणि ओएलईडीत काळा म्हणजे बिंदू विझलेलाच. व्हीएची खोड अशी की बाजूने बघितलं की रंग उतरतो. आपल्याकडे टीव्ही शोकेसच्या वर, देवघराच्या उंचीवर टांगायची पद्धत आहे. खालून वर बघतानाही तेच होतं. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यावा, आणि ५५ इंचासाठी सोफा सव्वादोन मीटरच्या आसपास असावा. मेन्यूत तासभर घालवण्यापेक्षा भिंतीवरचा ब्रॅकेट फूटभर खाली घेणं कित्येकदा जास्त गुणकारी ठरलंय.

शार्पनेसचं पटकन सांगतो. मराठी बातम्यांची वाहिनी लावा आणि खालच्या पट्टीतल्या अक्षरांच्या शिरोरेषेकडे बघा. रेषेच्या वर किंवा खाली आणखी एक पुसट पांढरी रेघ दिसतेय? तर शार्पनेस जास्त आहे, ती नाहीशी होईपर्यंत उतरवा. काही टीव्हींत योग्य जागा शून्य असते, सोनीत ५०. त्याखाली गेलं की चित्र पुसट होतं. पट्टी खालून कापलेली दिसली तर ओव्हरस्कॅन चालू आहे, ही पिक्चर ट्यूबच्या काळाची शिल्लक. 'जस्ट स्कॅन', 'फिट टू स्क्रीन', 'फुल पिक्सेल', जे नाव सापडेल ते लावा. साध्या एसडी वाहिन्या मात्र पुसटच दिसणार. त्यांच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू, तुमच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. हिशोब केला तर बरोबर वीसपट. एका बिंदूची भाकर वीस जणांत वाटली तर वाट्याला काय येणार? पॅक बदलून त्या वाहिन्या एचडीत घ्या.

आता रंग. सिनेमा मोडमध्ये आल्यावर 'कलर' आणि 'टिंट' या पट्ट्यांना शक्यतो हात लावू नका. निळा चष्मा लावून रंगपट्ट्या जुळवायची जुनी रीत आहे. चष्म्याची काच आणि तुमचं पॅनेल यांचं जमलं तरच ती खरी ठरते, आणि हल्लीच्या पॅनेलांशी ते सहसा जमत नाही. त्यापेक्षा आपल्या आठवणीतले रंग बघा: माणसाची कातडी, गवत, आभाळ. मी नागपूरचा, त्यामुळे माझी चौथी कसोटी संत्र्याची. अंबिया बहाराचं, थोडी हिरवट झाक असलेलं, सैल सालीचं संत्रं हातात घ्या आणि संत्र्याचा नीट काढलेला व्हिडिओ लावा. टीव्हीतलं संत्रं प्लास्टिकच्या चेंडूसारखं एकाच रंगाचं दिसलं, सालीवरचे खड्डे आणि ती हिरवट झाक हरवली, तर रंग अजून ताणलेला आहे. 'डायनॅमिक कलर', 'लाइव्ह कलर', 'कलर एन्हान्सर', 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' यांपैकी काहीतरी चालू राहिलं असेल. शोधून बंद करा. वडिलांना जवळ बसवा, गवत तेच पास करतील.

मग मीटरवाल्याचं काम काय उरलं? पांढऱ्याचं, पण पायरीपायरीने. पिक्चर ट्यूबच्या काळी आम्ही टीव्ही मागून उघडायचो आणि सर्व्हिस स्विच दाबायचो. सगळं चित्र मिटून पडद्यावर एक आडवी रेघ उरायची. ट्यूबच्या मानेवरच्या छोट्या बोर्डावर लाल, हिरव्या, निळ्याचे कट-ऑफचे स्क्रू असत, ते फिरवून ती रेघ जेमतेम दिसेल आणि बिनरंगाची होईल असं करायचं. मग स्विच सोडून ड्राइव्हच्या स्क्रूंनी पांढरा जुळवायचा. कट-ऑफने अंधारा राखाडी, ड्राइव्हने उजळ राखाडी. आज मेन्यूत 'व्हाइट बॅलन्स' उघडलात की 'ऑफसेट' आणि 'गेन' दिसतील, ते हेच. तेव्हा उस्ताद डोळ्याने करायचे आणि माझ्या कानाला त्यांचा हात लागायचा. आता कलरीमीटर पडद्याला टेकवून संगणकावर आकडे बघत करतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक राखाडी पायरी डी-६५ वर आली आणि चूक दाखवणारा डेल्टा-ई हा आकडा तीनच्या खाली गेला की थांबायचं. त्याखाली फरक मीटरला दिसतो, माणसाला क्वचित.

हे डोळ्याने करायला जाऊ नका. आणि कोणी आपल्या टीव्हीचे गेन-ऑफसेटचे आकडे दिले तर उतरवून घेऊ नका, मॉडेल तेच असलं तरी. एकाच खोक्यातून निघालेली दोन पॅनेलंही सारखी नसतात. माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन टीव्ही शेजारी ठेवलेले होते, एकाला लाल चार पायऱ्या वाढवावा लागला, दुसऱ्याला दोन पायऱ्या कमी करावा लागला. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्याला चालत नाही, तसंच. मोड, मोशन, शार्पनेस, एवढं खुशाल उतरवा.

तुम्ही पैसे द्यावेत का? तुमच्या टीव्हीची किंमत बघता माझं उत्तर 'नाही' असं आहे. वरचं सगळं केल्यावर महिनाभर बघा. त्यानंतरही राखाडी भागात गुलाबी किंवा हिरवी झाक खटकत असेल, किंवा पुढेमागे ओएलईडी अथवा प्रोजेक्टर घेतलात, तर मीटरवाल्याला बोलवा. त्याच्याकडून आधीचे आणि नंतरचे आलेख मागून घ्या. जो आलेख देत नाही आणि दहा मिनिटांत 'झालं' म्हणतो, त्याने तुमचा मोड बदलला आहे, आणखी काही नाही.

एक शेवटची भानगड सांगून ठेवतो, कारण ती तुमच्याही घरी असू शकते. प्रतापनगरच्या एका घरी मी सगळं लावून आलो आणि तासाभरात फोन, "भाऊ, परत पहिल्यासारखं झालं ना." पुन्हा गेलो, पुन्हा लावलं, चहा येईपर्यंत डोळ्यांदेखत टीव्ही आपोआप भडक झाला. बसवायला आलेल्या पोराने पहिल्यांदा चालू करताना 'घर की दुकान' या प्रश्नाला घाईत 'दुकान' उत्तर दिलं होतं. त्या मोडमध्ये टीव्ही थोड्या थोड्या वेळाने स्वतःला पुन्हा व्हिव्हिडवर नेतो, दुकानात गिऱ्हाइकांनी केलेले बदल पुसले जावेत म्हणून. सिस्टीम किंवा जनरल सेटिंगमध्ये 'होम मोड' किंवा 'युसेज मोड' शोधा आणि आधी तो 'घर' करून घ्या. मग बॉक्सचा इनपुट, टीव्हीतली ॲप, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन, या प्रत्येकावर एकदा सेटिंग तपासा, कारण बऱ्याच टीव्हींत ती वेगवेगळी साठवलेली असतात. शेवटी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. एखाद्या अपडेटनंतर सगळं पुसलं गेलं तर पुन्हा लावायला पाच मिनिटं पुरतात.